उल्का ताफ्याची राज्यघटना

सोमवार, ३ जून

नवरा म्हणतो ही हेरगिरी आहे. मी म्हणते हे सहभागी निरीक्षण आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात हा फरक मी दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते, तेव्हा तो मला माहीत नाही असं म्हणता येणार नाही. तरीही आज दुपारी खेळात नाव नोंदवताना मी खोलीचं दार आतून लावून घेतलं, हे इथे लिहून ठेवायला हवं.

विषय वन्संचा आहे. नवऱ्याची ही धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून मी तिला थट्टेनं वन्सं म्हणते आणि ती मला गंभीरपणे वहिनी म्हणते. मालवाहतुकीच्या कंपनीत ती नियंत्रण कक्षात होती. कानाला फोन, समोर नकाशा, आणि रस्त्यावरचे सगळे ट्रक तिच्या तोंडाच्या धाकात. कंपनीनं तिच्या जागी एक संगणकप्रणाली बसवली. तेव्हापासून ती आमच्या मागच्या खोलीत बसून अंतराळयुद्धाचा खेळ खेळते. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या खेळात असतात म्हणे. दाराबाहेर ऐकू येतं, "डावीकडे वळ. तुझी डावी! अरे जेवतोस त्या हाताची नव्हे, दुसऱ्या!"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं ठरवलं आहे: पावसाळा संपेपर्यंत हे वेड सुटलं नाही, तर तिला थोरल्या दादांकडे पाठवायचं. त्यांच्या गोदामात तिला काम आहे. वन्संचं मत मी ऐकलेलं आहे: "तिथे पोती मोजण्यापेक्षा मी पोत्यात बसेन."

तेव्हा आधी खेळ समजून घ्यावा, मग तिला त्यातून हळुवारपणे बाहेर काढावं, असा माझा विचार आहे. खेळात मी 'तटस्थ' हे नाव घेतलं.

गुरुवार, ६ जून

तिच्या ताफ्यात प्रवेश मिळाला. ताफ्याचं नाव उल्का. सगळे आपल्या भाषेतले, पण राहतात कुठे कुठे. एकाची सकाळ ती दुसऱ्याची संध्याकाळ. एका निळ्या ग्रहाभोवती फिरणारी, चाकासारखी गोल वसाहत हा त्यांचा तळ. दोन वर्षं राबून, एकेक पत्रा जोडून तो उभा केला आहे. दोन वर्षं? म्हणजे नोकरी होती तेव्हापासून? हे नवऱ्याला सांगावं की नाही ते ठरत नाही. तळाभोवती कवच आहे. ते चालू असेपर्यंत कुणी आत शिरू शकत नाही. बाहेर 'काळा पट्टा' नावाचं साम्राज्य टपून बसलं आहे. आजूबाजूचे सगळे ताफे त्यांनी गिळले, हा एकच उरला.

वन्संना सगळे 'कप्तान' म्हणतात. ती बोलून प्रश्न विचारत होती, मी टंकून उत्तरं देत होते. माईक बिघडला आहे असं मी सांगितलं. हे असत्य आहे. माईक उत्तम आहे.

"याआधी काय चालवलंय?"

काही नाही, असं मी लिहिलं.

"लढता येतं?"

नाही.

"मग येतं काय?"

विचार करून मी लिहिलं, 'वाचन बरं आहे.'

मग हेडफोनमधून आणि भिंतीपलीकडून एकदमच जोराच्या ठसक्याचा आवाज आला. "घेतलं," ती म्हणाली. "बैल द्या हिला."

मी बाई आहे हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. 'वाचन बरं आहे' यावरून तिनं ओळखलं असावं. निरीक्षण चांगलं आहे.

शनिवार, १५ जून

बैल म्हणजे मालवाहू जहाज. अवजड, संथ, सोशिक. ग्रहाभोवतीच्या कड्यातून बर्फ उचलायचा आणि तळावर नेऊन टाकायचा. त्या बर्फातून श्वासाची हवा आणि कवचाचं इंधन तयार होतं. मला वाटलं होतं कंटाळा येईल. आला नाही. कड्यामागून सूर्य उगवतो तेव्हा बर्फ केशरी दिसतो. आज मी विनाकारण थांबून ते बघितलं. निरीक्षकानं असं थांबणं योग्य आहे का?

दुपारी काळ्या पट्ट्याची एक टोळी आली. सगळी जहाजं लढाईच्या रांगेत लागली आणि कप्तान म्हणाली, "हल्ल्याआधी एक सूचना. प्रत्येकानं आपापल्या घरातला गॅस बघून यायचं. दूध ठेवलं असेल तर बंद करा."

लोखंड्या नावाचा एक वेल्डर आहे. तो म्हणाला, "कप्तान, मी कारखान्यात आहे."

"तरी बघून ये."

मी स्वयंपाकघरात गेले तर दूध अगदी भांड्याच्या काठाला टेकलेलं. सरसकट आज्ञा देतानाही एकेकाची अडचण ओळखणं हा नेतृत्वाचा गुण कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. वन्संबद्दलचं माझं मत थोडं बदलतं आहे. ते बदलू देऊ नये.

शनिवार, २२ जून

प्राचार्यांनी बोलावून शिक्षक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहायला सांगितलं. सभा झालीच नव्हती. "मॅडम, सभेत सगळ्यांचा वेळ जातो," ते म्हणाले. "तुम्ही लिहिता छान." मी 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असं लिहिलं. एका अर्थी ते खरं आहे. जी सभा झाली नाही तिच्यात भांडणार कोण? तरी घरी येईपर्यंत काहीतरी टोचत राहिलं. बर्फाच्या दोन-तीन फेऱ्या केल्यावर बरं वाटलं.

आज कप्ताननं ऐन मोहिमेत सांगितलं, "ज्यांच्या गच्चीवर कपडे वाळताहेत त्यांनी ते आत घ्यावेत. पाऊस येतोय." एक जण म्हणाला, "माझ्याकडे कडक ऊन आहे." कप्तान म्हणाली, "तुझं तू बघ." आमचे कपडे वाचले.

सोमवार, १ जुलै

आज एक अन्याय पाहिला.

वादळ नावाचा एक तरुण पहाऱ्यावर होता आणि मधेच जेवायला गेला. तेवढ्यात शत्रूचं टेहळणी जहाज तळाला फेरी मारून गेलं. कप्ताननं त्याला सगळ्यांसमोर झापलं. "पहारा म्हणजे काय सिनेमाचं मध्यंतर आहे? भूक लागली तर सांगायचं, दुसरा उभा करते. न सांगता गेलास तर तुझ्या जागेवर खुर्ची ठेवीन, ती निदान हलत तरी नाही."

तळ वाचला ही गोष्ट वेगळी. पण पद्धत? मी वादळला खासगीत विचारलं, तुम्हाला तुमची बाजू मांडायची संधी मिळाली का?

"म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

मी त्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वं समजावून सांगितली. उदाहरणांसह. तो म्हणाला, "मॅडम, मला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं." संध्याकाळपर्यंत आणखी चौघं आपली बाजू मांडायला आले. एकाची बाजू काय आहे हे त्यालाच माहीत नव्हतं, पण मांडायची होती.

वीस वर्षं मी हे शिकवते. कुणी असं ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, ५ जुलै

ताफ्याच्या सभेत मी लेखी मागणी केली: उल्का ताफ्याला राज्यघटना हवी आणि कप्तान निवडून आलेला हवा. वादळनं अनुमोदन दिलं. लोखंड्या म्हणाला, "चाललंय ते बरं चाललंय की."

कप्तान म्हणाली, "आपलं युद्ध चालू आहे, हे माहितीये ना तुला?"

मी लिहिलं की युद्धकाळातच नागरिकांच्या हक्कांची खरी कसोटी लागते.

"बरं बरं. लिही. तू लिहिशील ते मी पाळीन. पण तूही पाळायचंस."

हे काय सांगायला हवं?

रात्री जेवताना वन्संनी सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या कॉलेजात शिक्षक मंडळाची निवडणूक होते का गं?"

"होते. बिनविरोध."

"वा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. कॉलेजात तिला अचानक रस वाटू लागला, हे चांगलं लक्षण आहे.

रविवार, १४ जुलै

घटना पूर्ण झाली. प्रस्तावनेला सर्वांत जास्त वेळ लागला. ठळक कलमं अशी की, ताफ्याचं दार सर्वांना खुलं. कुणालाही त्याच्या पूर्वेतिहासावरून नाकारता येणार नाही. आत आला त्याला मत. निवडून आलेल्या कप्तानाची आज्ञा सर्वांवर बंधनकारक. आणि कवचाचं बटण कप्तानाच्या हाती न ठेवता एका निःपक्ष अधिकाऱ्याकडे असावं, म्हणजे सत्तेचं केंद्रीकरण होत नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी ते मागितलं नव्हतं. सुचवलं होतं.

बटण लाल आहे. त्यावर बोट ठेवलं की पडद्यावर 'खात्री आहे का?' असं येतं.

वन्सं आज सुटीच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून सकाळीच बाहेर गेली. मागच्या आठवड्यातही एकदा गेली होती. कुठे म्हणून विचारलं तर "कामानं". खेळातल्या लोकांना आता प्रत्यक्ष भेटू लागली असावी. व्यसनाची ही पुढची पायरी असते असं वाचलं आहे. नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "दादांना फोन करून ठेवतो."

रविवार, २१ जुलै

निवडणूक जाहीर करताच ताफ्यात भरती वाढली आहे. रोज नवे सदस्य येतात. सगळे अत्यंत सुसंस्कृत. 'नमस्कार, मला लोकशाही आवडते,' असं म्हणूनच आत येतात. शब्दही तेच. तत्त्वं पक्की असली की भाषा एकसारखी होत असावी.

लोखंड्यानं मला खासगीत लिहिलं, "मॅडम, ह्यांच्या जहाजांवरचा रंग नीट बघा. खाली काळा पट्टा आहे, वरनं खरवडलाय. मी रोज हेच काम करतो, मला कळतं."

मी त्याला उत्तर दिलं की रंगावरून कुणाची पारख करू नये.

त्यानं पुढे काही लिहिलं नाही. पटलं असावं.

तरीही शंका राहू नये म्हणून मी कलम पुन्हा वाचलं. पूर्वेतिहासावरून नाकारता येणार नाही. शत्रू असणं हा पूर्वेतिहास आहे की वर्तमान? यावर टीप लिहायला घेतली होती, पण मतदार यादीच्या कामात राहून गेली.

रविवार, २८ जुलै

प्रचार. नव्या सदस्यांनी 'नवयुग' नावाचा उमेदवार उभा केला आहे. फार गोड बोलतो. प्रत्येकाला लढाऊ जहाज देणार, बर्फाच्या फेऱ्या बंद, आरडाओरडा बंद, आणि कवच म्हणजे जनतेला दाखवलेली भीती आहे म्हणतो. त्याच्या सभेला वादळनं फुलांसारखे दिसणारे अग्निबाण सोडले.

कप्तानचं भाषण असं होतं: "कडं डावीकडून पोकळ झालंय. पुढच्या आठवड्यात बर्फ उजवीकडून उचला. झालं माझं."

हे भाषण नव्हे. उत्तरपत्रिकेत मी ह्याला नापास केलं असतं. वाटलं, मागच्या खोलीत जाऊन सांगावं की अगं, दोन वाक्यं तरी बरी बोल, स्वतःबद्दल काहीतरी सांग. दारापर्यंत गेलेही. मग लक्षात आलं की निवडणूक अधिकाऱ्यानं एका उमेदवाराला सल्ला देणं गैर. परत आले. दुसऱ्या उमेदवाराशी मात्र मी मतपेटीच्या रचनेवर तासभर चर्चा केली होती, पण ती तांत्रिक होती.

नवऱ्यानं विचारलं, "काय, सुटतोय का तिचा खेळ?"

"प्रक्रिया चालू आहे."

"आणि चहा कुणी टाकायचा? त्याच्यावर मतदान घ्यायचं का?"

रविवार, ४ ऑगस्ट

घडलं तसं लिहिते.

मतदान शांततेत झालं. उत्साह अभूतपूर्व. नवयुग प्रचंड बहुमतानं निवडून आला. निकाल मीच लिहून जाहीर केला. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

कप्तान म्हणाली, "ठीक. ताफा तुमचा." आणि दोन वर्षांचे अधिकार एका क्षणात त्याच्या नावावर केले. एकही वाईट शब्द नाही. पराभूत उमेदवाराचं असं वर्तन मी पुढच्या वर्षी वर्गात उदाहरण म्हणून सांगणार होते.

नवयुगची पहिली आज्ञा: "तटस्थ, कवच खाली घ्या."

एकदम गोंगाट झाला. लोखंड्या ओरडत होता, "मॅडम, नका! बाहेर बघा, बाहेर काय उभं आहे बघा!" मी बाहेर बघितलं. कड्यामागे काळी जहाजं इतकी दाटली होती की पलीकडचा सूर्य दिसत नव्हता.

मी आज्ञा लेखी मागितली. ती लगेच मिळाली. अतिशय नेटकी होती.

मी घटना उघडली. आज्ञा बंधनकारक. अपवाद नाही. अपवाद ठेवायला हवा होता का? पण अपवाद ठेवला की प्रत्येक हुकूमशहा त्यातूनच शिरतो, हे माझंच वाक्य आहे. मी कप्तानला खासगीत विचारलं, मी काय करू?

तिचं उत्तर आलं, 'तू लिहिलंस, मी पाळलं.'

मी बटणावर बोट ठेवलं. 'खात्री आहे का?' असं आलं. मला कशाचीच खात्री कधी नसते. मी 'हो' दाबलं.

चहाला उकळी यायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. ज्यांनी नमस्कार करून प्रवेश घेतला होता त्यांच्याच जहाजांनी आतून पहिला मारा केला. तळाचं चाक आधी एका बाजूला कललं, मग त्याचे पत्रे सुटे होऊन अंतराळात पसरले, अगदी हळू, आवाज न करता. लोखंड्या शेवटपर्यंत गोळ्या झाडत राहिला. वादळ ओरडला, "मॅडम, मला माझी बाजू मांडायची—" आणि त्याचा आवाज तुटला.

भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. ना शिवी, ना खुर्ची सरकल्याचा आवाज.

कायद्यानं मी बरोबर होते. हे वाक्य मी आत्ता तिसऱ्यांदा लिहून खोडलं आहे. राहू दे.

सोमवार, ५ ऑगस्ट

सकाळी वन्सं स्वयंपाकघरात कप धूत होती. मी म्हटलं, "आज खेळत नाहीस?"

"कुठे खेळू? तळ पडला."

"अगं बाई! कसा काय?" हे विचारताना मला माझा आवाज ऐकवत नव्हता.

तिनं कप पालथा घातला. "एक बाई होत्या. फार सज्जन. त्यांनी नियमानुसार पाडला."

"नियमानुसार झालं असेल तर मग—"

"वहिनी, पुरे आता. माईक बिघडलाय, तोंड तर शाबूत आहे ना?"

मी खुर्चीवर बसले.

"कधी कळलं तुला?"

"'वाचन बरं आहे' लिहिलंस तेव्हा. पाणी पीत होते, नाकात गेलं माझ्या."

"म्हणजे ते दूध, ते कपडे..."

"दूध माझ्याच चहाचं होतं."

"मग मला काढून का नाही टाकलंस?"

ती हात पुसत राहिली. फडक्याचं काय करायचं ते सुचत नसल्यासारखी. "तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझ्या खोलीत कधी बसलीयेस? दुपारभर? खेळात रोज यायचीस. आणि बर्फ नीट आणायचीस, सांडायची नाहीस."

"पण मग घटनेला हो का म्हणालीस?"

"आपल्या माणसाला एकदा तरी मनासारखं करू द्यावं म्हटलं. आणि मला वाटलं, अगदी शेवटी तू हात आवरशील." तिनं फडकं दांडीवर टाकलं. "ते चुकलं माझं."

ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

शनिवार, १० ऑगस्ट

वन्संना नोकरी लागली. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. कुठली गाडी कुठे धाडायची, कुणी कुठल्या रस्त्यानं जायचं, सगळं तिनं सांगायचं. त्यांनाही प्रणाली बसवून बघायची होती म्हणे. प्रणालीनं गाड्या तळ्यातून नेल्या, म्हणून माणूस शोधत होते. निवडीच्या चार फेऱ्या झाल्या. इस्त्रीचे कपडे त्यासाठी होते. मी ते कपडे दोनदा पाहिले होते आणि त्यावरून व्यसनाची पायरी काढली होती.

"दबावाखाली काम करता येतं का, असं विचारलं त्यांनी," ती सांगत होती. "म्हटलं, माझ्या घरी राज्यशास्त्राची बाई आहे."

नवरा खूश आहे. दादांना त्यानं नको म्हणून कळवलं. "बघ," तो मला म्हणाला, "खेळ मोडलास आणि आठवड्यात नोकरी लागली. मानलं तुला." मी त्याला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून त्याचा फोन वाजला. नंतर सांगायचं राहिलं. सांगायला हवं.

काळ्या पट्ट्याच्या सम्राटाचा मला खासगी निरोप आला आहे. 'आपल्यासारख्या निःपक्ष व्यक्तीची साम्राज्याला गरज आहे. मुख्य निवडणूक अधिकारी हे पद स्वीकारावे. सम्राटपदाची निवडणूक दर वर्षी होते. बिनविरोध.' मी नकार लिहिला. पण त्याआधी निरोप दोनदा वाचला, आणि 'मुख्य' हा शब्द मला आवडला, हेही खरं. भाषा कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. मग आठवलं, पण प्राचार्यांची तुलना सम्राटाशी करणं अन्यायाचं होईल. सम्राट निदान स्वतः लिहितो.

शनिवार, १७ ऑगस्ट

उरलेले सगळे, कसेबसे निसटलेले लोखंड्या आणि वादळसुद्धा, एका ओसाड दगडामागे जमले. आकाशात हजारो असतात तसला एक दगड. मोडकी जहाजं, थोडं इंधन, कवच नाही. काळ्या पट्ट्याला हा दगड सापडला की उल्का ताफा संपला. मग जाण्यासारखी दुसरी जागा नाही. वन्संचं काम सोमवारपासून. दुपारची पाळी.

"माझ्या मागे दुपारी ताफा कुणीतरी सांभाळायला हवा," ती सगळ्यांना म्हणाली. "तटस्थ सांभाळेल."

हेडफोनमध्ये जो आरडाओरडा झाला तो तळ पडताना झाला नव्हता.

मी पहिल्यांदाच माईक चालू केला. "मला हे मान्य नाही," मी म्हटलं. "ही उघड वशिलेबाजी आहे. मी हिची वहिनी आहे."

"काय?" लोखंड्या म्हणाला. "सख्खी?"

"म्हणून तर तिला नेमतेय," कप्तान म्हणाली. "तिचं दार मला ठोठावता येतं. तुमचं कुणाचं येत नाही."

"पण मी नियम मोडू शकत नाही हे तुला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे ना. म्हणून ह्या खेपेला नियमच ठेवत नाहीये."

वादळ उसळला. "मग निवडणूक घ्या! आम्हाला आमची बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे. हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे!" त्यानं उदाहरणंसुद्धा दिली. सगळी माझीच होती. एकही चुकलं नव्हतं. शिक्षक म्हणून ऊर भरून आला.

रात्री वन्संच्या खोलीत गेले. तिनं पलंगावरच्या वायरी बाजूला करून जागा केली. दगडाभोवतीचा नकाशा तिनं मला समजावला: कुठे सावली असते, कुठून येणारा लांबून दिसतो. मी वहीत लिहून घ्यायला लागले. ती म्हणाली, "लिहू नकोस. बघ."

बुधवार, २१ ऑगस्ट

आज दुपारी मी एकटी होते. वन्सं कामावर.

काळ्या पट्ट्याची टेहळणी जहाजं आली. एकेक दगड तपासत, सावकाश, आमच्या दिशेनं. कवच नव्हतं. मी बर्फाशिवाय कधी काही हलवलं नव्हतं. पण कुठली सावली किती वेळ टिकते ते मला दिसत होतं, कारण मी लिहून न घेता बघितलं होतं. मी सगळ्यांना इंजिनं बंद करून दगडाच्या सावलीत शिरायला सांगितलं.

आणि नेमक्या त्या क्षणी वादळनं प्रश्न विचारला की ही आज्ञा कुठल्या अधिकारात दिली जात आहे.

"निवडणूक होईल," मी म्हटलं. "परिस्थिती निवळू दे."

"परिस्थिती निवळली हे कोण ठरवणार?"

"मी."

हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज आला की मी क्षणभर माईककडेच बघत राहिले. हे वाक्य मी परीक्षेत विचारते: पुढील विधान कोणत्या प्रकारच्या राजवटीचे निदर्शक आहे?

"वा मॅडम," लोखंड्या हळूच म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. पाठोपाठ इतरांनीही केलं. वादळ मात्र बोलत राहिला, आणि त्याच्या जहाजाचा दिवा प्रत्येक मुद्द्याला लुकलुकत होता. मी त्याचा माईक बंद केला, आणि दिवाही. खेळात तशी सोय आहे हे मला आजच कळलं. दोन्हीसाठी 'खात्री आहे का?' असं विचारलं जात नाही.

टेहळणी जहाजं दगडाला वळसा घालून निघून गेली. आमचं एकही जहाज गमावलं नाही.

मधल्या सुटीत वन्संचा फोन आला. मागे दुसरे फोन वाजत होते, कुणीतरी पत्ता ओरडून सांगत होतं.

"ताफा आहे ना?"

"आहे."

"सगळा?"

"सगळा. वादळचा माईक तेवढा बंद करावा लागला."

पलीकडून ठसका लागल्यासारखा आवाज आला. ह्या वेळी मला तो हसण्याचा आहे हे कळलं. "चालू कधी करणार?"

त्यावर विचार चालू आहे, असं मी तिला सांगितलं. पण ही दैनंदिनी आहे, इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. काही विचार चालू नाही. दुपार फार शांत गेली.